पासिंग किती टनाचं?

नांदेडहून लातूरला जाणारा रस्ता दिवाळीनंतर ओझ्याचा रस्ता होतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, सोयाबीनची पोती फाळक्याच्या वर रचलेले टेम्पो, स्लॅबचं मिक्सर मागे बांधून निघालेल्या पिकअप. लग्नसराई सुरू झाली की त्यात मंडपवाल्यांची भर पडते. हौद्यात पाईप, गाद्या, कूलर, भांडी आणि मागे जनरेटरची ट्रॉली. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर या वाटेवर कुठेही चहाला थांबा, दोन ड्रायव्हर भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती भरलंय?" दुसराही ठरलेला, "ओढती का?"

ओढते. आजकालच्या डिझेल गाड्या खरोखर ओढतात. पासिंगपेक्षा दीडपट भरलं तरी पहिल्या गिअरमध्ये कुरकुर न करता निघतात. त्यामुळे गाडीची ताकद म्हणजे ओढण्याची ताकद, असं आपल्याकडे सगळ्यांनी धरून टाकलं आहे. भरलेली गाडी थांबते का, हा प्रश्न त्या टपऱ्यांवर मी कधी ऐकला नाही. या लेखात मला त्याच प्रश्नाबद्दल लिहायचं आहे. आमच्या खानदानातली दोन घरं अशाच एका पिकअपवर आणि तिच्या मागच्या ट्रॉलीवर चालतात, म्हणून हा विषय मला लांबचा वाटत नाही.

माझे मामू नांदेडात मंडप-डेकोरेशनचा धंदा करतात. सुरुवात भाड्याच्या छोट्या हाथीवर झाली, मग हप्त्यांवर पिकअप आली, मग जनरेटर. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या आपल्या भागात जनरेटर नसेल तर मोठं लग्न मिळत नाही. लहान जनरेटर हौद्यात चढवता येतो. मोठा घेतला की त्याला दोन चाकांची ट्रॉली लागते आणि पिकअपच्या मागे हूक. इथून पुढे गाडी एक राहत नाही, दोन होतात. आणि नेमकं इथेच कागदावरचा आकडा आपल्याला सोडून जातो.

पिकअपच्या जाहिरातीत आणि बोलण्यात १.३ टन, १.७ टन हे आकडे गाडीच्या नावाचाच भाग झाले आहेत. हा आकडा हौद्यात ठेवायच्या मालाचा. रिकाम्या गाडीचं वजन आणि हा माल मिळून जे एकूण वजन होतं, त्या वजनासाठी गाडीचे पाटे, एक्सल, टायर आणि ब्रेक बनवलेले असतात. मागे आणखी एक ट्रॉली बांधली तर काय, याचं उत्तर मामूंच्या आरसी बुकात कुठे नव्हतं. शोरूममध्येही मिळालं नाही. गॅरेजमध्ये मिळालं ते असं, "बांधो भाई, सब बांधते."

मामू फारसे शिकलेले नाहीत, पण वजनाच्या बाबतीत त्यांना अंदाजाचा तिटकारा आहे. त्यांनी नव्या मोंढ्यातल्या वजनकाट्यावर आधी रिकामी पिकअप नेली, मग मंडपाचं सामान भरून नेली, मग एकटी ट्रॉली काट्यावर उभी केली. रिकामी पिकअप पावणेदोन टनांच्या आसपास. पूर्ण भरली की साडेतीन टनांच्या जवळ. आणि ज्या जनरेटरला सगळे "असेल एक टन" म्हणत होते, तो डिझेलची टाकी, वायरचे बंडल आणि ट्रॉली धरून पावणेदोन टन भरला. म्हणजे भरलेल्या पिकअपच्या निम्मं वजन मागे लोंबकळत होतं. साडेतीन अधिक पावणेदोन, सव्वापाच टन. दीडपट.

काट्यावरून परत आल्यावर मामूंनी दुसरी गोष्ट मोजली, हुकावर पडणारा भार. दोन चाकांच्या ट्रॉलीचं सगळं वजन तिच्या चाकांवर पडत नाही. काही भाग पुढच्या दांडीतून ओढणाऱ्या गाडीवर येतो. जाणकार हा भाग ट्रॉलीच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा असं सांगतात. पावणेदोन टनांचे दहा टक्के म्हणजे १७५ किलो. हा भार पिकअपच्या पासिंगमधूनच वजा करायचा असतो, म्हणजे हौद्यातला तेवढा माल कमी करायचा असतो. शिवाय हूक असतो मागच्या चाकांच्याही मागे. तिथे वजन पडलं की गाडी तराजूसारखी वागते. मागचा भाग दबतो, पुढचा हलका होतो, आणि स्टिअरिंग हातात पोकळ लागायला लागतं.

मग हुकावर भार कमीच ठेवावा, असं कुणाला वाटेल. तसं केलं तर ट्रॉलीचं जड तोंड मागे जातं आणि ती सापाच्या शेपटीसारखी डोलायला लागते. आधी थोडी, मग जास्त, मग गाडीलाच ओढून हलवते. म्हणून जनरेटर ट्रॉलीवर नेमका कुठे बसवायचा, हे वेल्डिंगवाल्याच्या सोयीने ठरवायचं काम नाही. मामूंनी तो दोनदा खोलून पुढे सरकवून घेतला. वेल्डिंगवाला वैतागला होता.

ट्रॉलीच्या वजनाहून वाईट गोष्ट म्हणजे तिला ब्रेक नव्हता. आपल्याकडच्या बहुतेक जनरेटरच्या, मिक्सरच्या आणि शेतीच्या ट्रॉल्यांना नसतो. म्हणजे साडेतीन टनांसाठी बनवलेले पिकअपचे ब्रेक सव्वापाच टन थांबवणार, आणि तेही शेवटचे पावणेदोन टन मागून ढकलत असताना. युरोपात हलक्या ट्रेलरसाठी ७५० किलोची सीमा आहे. एकूण वजन त्याच्या वर गेलं की ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असावाच लागतो. ट्रेलर पुढच्या गाडीवर दाबला गेला की त्या दाबानेच त्याचा ब्रेक लागावा, अशी साधी यांत्रिक सोयही तिथे चालते. मामूंची ट्रॉली त्या सीमेच्या दुपटीहून जड होती.

हिशेब वेगाचाही आहे. वजन दीडपट झालं तर ब्रेकचं काम दीडपट होतं. वेग दीडपट झाला तर काम सव्वादोनपट होतं, कारण तिथे वेगाचा वर्ग येतो. शाळेत हे आपण सगळेच शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो. पण याच सूत्रात दिलासाही आहे. भरलेली पिकअप ट्रॉलीशिवाय ताशी ६०ने जात असताना थांबवायला ब्रेकला जेवढं काम पडतं, त्याच्या दोन-तृतीयांशच काम ट्रॉलीसकट ४०च्या वेगाने जाताना पडतं. मामूंनी सूत्र मांडलं नाही. त्यांनी ठरवून टाकलं की ट्रॉली मागे असेल तर काटा चाळीसच्या पुढे जाणार नाही. मागून हॉर्न वाजले तर वाजू द्यायचे.

ही शिस्त किती महाग पडते, ते मी दोन वर्षांपूर्वी जवळून पाहिलं. लातूरच्या एका वलीम्याचं मोठं काम आलं होतं. मंडप, स्टेज, कूलर, जनरेटर सगळं. पार्टीचं म्हणणं होतं की सामान एकाच खेपेत आलं पाहिजे. दुसऱ्या खेपेचं भाडं ते देणार नव्हते. मामूंनी यादी केली, वजन लावलं आणि सांगितलं की जनरेटर मागे घेतला तर कूलर आणि भांडी या खेपेत बसत नाहीत. बसत नाहीत म्हणजे जागा होती, वजन बसत नव्हतं. घरात यावरून वाद झाला. माझ्या मामेभावाचं म्हणणं होतं, "अब्बा, पाटे बढाए सो हैं, गाडी बैठती नै."

मामू म्हणाले, "बैठती नै वो ठीक है. रुकती क्या?"

पाटे वाढवणं हा आपल्या भागातला जुना उपाय आहे. मागच्या कमानीत एक-दोन पाटे जास्त टाकले की भरलेली गाडी खाली दबत नाही, आणि दबत नाही म्हणून पेलते असं वाटतं. पण जास्तीच्या पाट्याने ब्रेकचं ड्रम मोठं होत नाही, लायनर जाड होत नाही, टायरवर लिहिलेला भार बदलत नाही. गाडी दबते तेव्हा निदान आपल्याला काहीतरी सांगत असते. पाटे टाकून आपण तिचं तोंड बंद करतो.

त्या पार्टीने शेवटी दुसरा पिकअपवाला गाठला. त्याने सगळं एका खेपेत नेलं, ट्रॉलीसकट. वेळेत पोचलाही. लातूर बालाघाटच्या पठारावर आहे, नांदेड खाली गोदावरीच्या काठी. म्हणजे जाताना चढ अधिक आणि येताना उतार, तोही रात्रभर जागून दमलेल्या ड्रायव्हरच्या वाट्याला. तरी तो सुखरूप गेला आणि सुखरूप आला. मामेभाऊ दोन दिवस घरात तेच म्हणत होता, "पहुंच गया ना वो?" मामूंच्या उत्तराला दोन वर्षं झाली, पण ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. "पहुंचा. रस्ते में उसको एकदम रुकना पडा क्या?"

नाही पडलं. रस्त्यात म्हैस आडवी आली नाही, पुढच्या ट्रॅक्टरने दिवा नसताना वळण घेतलं नाही, माळेगावच्या यात्रेचे घोडे-बैल रस्त्यावर नव्हते. ओव्हरलोड गाडीची खरी परीक्षा रोज होत नाही. बहुतेक खेपा सुखरूप होतात, आणि प्रत्येक सुखरूप खेप आधीचा आकडा खोटा ठरवत जाते. दीड टनाची गाडी दोन टन नेते, मग अडीच नेते, मग मागे ट्रॉली घेते. काही होत नाही म्हणून कंपनीने उगाच कमी लिहिलं असेल, असा समज पक्का होतो. ज्या दिवशी थांबायची वेळ येते, त्या दिवशी आधीच्या शंभर खेपांचा काहीच उपयोग नसतो.

कंपन्यांच्या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न मात्र अगदीच चुकीचा नाही. अमेरिकेत पिकअपने ट्रेलर ओढणं हा घरोघरचा प्रकार आहे. तिथे अनेक वर्षं प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ओढण्याचा आकडा ठरवायची आणि जाहिरातीत एकमेकींवर कुरघोडी करायची. मग तिथल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने जे-२८०७ नावाचं एक समान मानक आणलं. त्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा लांबलचक चढ आहे. साधारण ३८ अंश तापमानात, एसी पूर्ण चालू ठेवून, ठरलेला वेग न सोडता तो चढ चढायचा. शिवाय थांबण्याची आणि वळताना ताबा राहण्याचीही चाचणी आहे. टोयोटाने हे मानक सर्वांत आधी २०११च्या टुंड्रा पिकअपला लावलं आणि तिचा स्वतःचाच आकडा खाली आला. गाडी तीच होती. फक्त आकडा कोणत्या उन्हातला आणि कोणत्या चढावरचा, ते ठरलं.

आपल्या मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३च्या घरात असतो. त्यात लग्नाचा हंगाम. अशा वेळी कागदावरच्या कमाल आकड्यापर्यंत भरणं म्हणजे इंजिन, टायर आणि ब्रेक यांच्याकडे शिल्लक काहीच न ठेवणं. उतारावर सतत पाय ब्रेकवर ठेवला की ड्रम तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी हवी तशी धरत नाही. जुने ड्रायव्हर म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायला सांगत. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतार सोडणारे आजही आहेत. मागे ट्रॉली असताना ती बचत कुठवर जाऊ शकते, ते सांगायला नको.

गंमत म्हणजे कमाल भाराचा शहाणपणा आपल्या कायद्यात आहे, पण तो बैलासाठी. जनावरांच्या ओझ्याविषयीचे १९६५चे नियम वाचण्यासारखे आहेत. बैल लहान, मध्यम की मोठा, गाडीला रबरी टायर आहेत की नाहीत, यावर ओझं ठरतं. एक किलोमीटर किंवा त्याहून लांब खडा चढ असेल तर तेच ओझं निम्मं करायचं. दिवसात नऊ तासांहून अधिक जुंपायचं नाही, सलग पाच तासांहून अधिक नाही, आणि पारा ३७च्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचंच नाही. हे नियम किती पाळले जातात, तो वेगळा विषय. पण लिहिणाऱ्याला एवढं कळत होतं की ओझ्याचा आकडा एकटा नसतो. त्यासोबत चढ, ऊन आणि थकवाही मोजायचा असतो. आमचे ड्रायव्हर रात्रभर मंडप उभारून सकाळी स्टिअरिंगवर बसतात, तेव्हा त्यांच्यासाठी हे कुणी मोजत नाही.

उसाच्या हंगामात हाच हिशेब आणखी मोठा होतो. मागे दोन ट्रॉल्या, त्यांत टपाच्या कितीतरी वर रचलेला ऊस, आणि पुढे एक ट्रॅक्टर. चढावर पुढची चाकं जमिनीवरून उचलली जातात, म्हणून बंपरवर दगड नाहीतर माणसं बसवतात. ट्रॅक्टरवर टेप एवढा मोठा असतो की मागचा हॉर्न ऐकू येत नाही. रात्री शेवटच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसेल, तर मोटरसायकलवाल्याला अंधारात उसाचा तो ढिगारा शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. लातूर-नांदेड पट्ट्यात असं मरण आलेली घरं प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. तिथेही ट्रॅक्टर ओढतो याबद्दल कुणालाच शंका नसते.

ओझ्याचा सर्वांत सोपा हिशेब पाण्याचा. हजार लिटर म्हणजे एक टन. २०१६च्या दुष्काळात लातूरने पाणी लिटरवर मोजलं, टनावर कुणी मोजलं नाही. मांजरा धरण कोरडं होतं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, आणि गल्लीबोळांत पिकअप, छोटे हाथी, ट्रॅक्टर जे मिळेल त्यावर प्लास्टिकच्या टाक्या बसवून पाणी फिरत होतं. दोन हजार लिटरची टाकी म्हणजे दोन टन पाणी, टाकीचं वजन वेगळं. ते १.३ किंवा १.७ टनाच्या गाडीवर चढत होतं, कारण तहानेपुढे पासिंग कोण बघणार? त्यात अर्धी रिकामी झालेली टाकी भरलेल्या टाकीहून जास्त त्रास देते. ब्रेक दाबला की पाणी उसळून पुढे येतं, वळणावर एका बाजूला जातं. पक्क्या टँकरमध्ये म्हणूनच आत आडव्या पत्र्यांचे पडदे असतात. प्लास्टिकच्या टाकीत ते नसतात.

त्याच वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत साधारण ५० हजार लिटर, म्हणजे एकेका वाघिणीत ५० टन पाणी. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या आल्या, खेपेला २५ लाख लिटर. तेव्हा तिचं नाव, तिचे फोटो, तिचं राजकारण यावर खूप लिहून आलं. मला तिची एक गोष्ट वेगळी वाटते. त्या गाडीतली प्रत्येक वाघीण आपलं ओझं स्वतः थांबवत होती. सगळ्या वाघिणींतून हवेचा एकच पाईप जातो आणि वाघिणीला आपापला ब्रेक असतो. जोडणी मध्येच तुटली तर पाईपही तुटतो, हवा निघून जाते आणि ब्रेक आपोआप लागतात, पुढच्या भागालाही आणि सुटलेल्या भागालाही. रेल्वेने हा धडा एकोणिसाव्या शतकातच घेतला. इंजिन पाहिजे तेवढं ओढेल, पण प्रत्येक ओझ्याने स्वतःचा ब्रेक सोबत आणला पाहिजे. आमच्या ट्रॉलीची पिन निसटली तर ती कुठे जाईल, हे फक्त उतार ठरवतो.

मामूंनी नंतर ट्रॉलीला ब्रेक बसवून घेतला, हुकाला दोन आडव्या साखळ्या लावल्या, मागे दिवे जोडले, आणि तिच्या नोंदणीचे कागद केले. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हे मोटार वाहनच आहे, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसतं. या सगळ्याला खर्च आला. तो खर्च कुठल्याच गिऱ्हाईकाने भाड्यात वाढवून दिला नाही.

आता हा खर्च कुणी करायचा, ते बघू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४मध्ये २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडसाठी २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जास्तीच्या टनामागे दोन हजार, शिवाय जास्तीचा माल उतरवण्याचा खर्च. पण त्या कलमाची सुरुवात नीट वाचली पाहिजे. जो गाडी चालवतो, किंवा चालवायला लावतो, किंवा चालवू देतो, असे तिघेही त्यात येतात. कायद्याला ठाऊक आहे की ओझं ठरवणारा बहुतेक वेळा स्टिअरिंगवर नसतो. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र पावती फाटते ती समोर बसलेल्या ड्रायव्हरच्या नावाने. "एकाच खेपेत आणा" म्हणणारा तेव्हा घरी पाहुण्यांची यादी करत असतो.

मराठवाड्यात आमच्या समाजातली असंख्य घरं अशा धंद्यांवर उभी आहेत. ड्रायव्हिंग, गॅरेज, मंडप, भंगार, फळांची गाडी. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण मोठं असल्याचं आणि बँकेच्या कर्जातला त्यांचा वाटा कमी असल्याचं, दोन्ही नोंदवलं होतं. या दोन ओळी एकत्र वाचल्या की पिकअपच्या मागची ट्रॉली समजते. बँक दारात उभी करत नाही, म्हणून खाजगी फायनान्सची गाडी. तिचा हप्ता जड, म्हणून खेपा जास्त. खेपांचं भाडं पाडून मागणारे जास्त, म्हणून एका खेपेत दोन खेपांचा माल. ड्रायव्हर बेफिकीर आहे असं म्हणून आपण मोकळे होतो. त्याच्यावर आधीच किती ओझं लादलेलं आहे, ते कुठल्या काट्यावर दिसत नाही.

म्हणून ड्रायव्हरला उपदेश करून हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. पण आपल्या लोकांच्या तोंडी असलेल्या एका वाक्याबद्दल बोललं पाहिजे. ओव्हरलोड गाडीत बसताना "अल्लाह मालिक है" म्हणणारे खूप भेटतात. मामूही सफरची दुआ पढल्याशिवाय चावी फिरवत नाहीत. मात्र त्याआधी खाली उतरून पिन, साखळी आणि टायर हाताने चाचपतात. उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, अशा अर्थाची हदीस आपल्याकडे मुलांनाही माहीत असते. पिन न तपासता केलेल्या भरवशाला तवक्कुल म्हणायला मामू तयार नाहीत.

मामेभाऊ आता स्वतः गाडी चालवतो. घरातला वाद पूर्ण मिटलेला नाही. त्याच्या वयाच्या पोरांनी एका हंगामात दोन गाड्या केल्या, तो एकाच गाडीचे हप्ते भरतोय. त्याची चिडचिड मला समजते. नियम पाळणाऱ्याचं काम न पाळणाऱ्याकडे जात असेल, तर शिस्त ही त्याच्यासाठी घाट्याचीच गोष्ट आहे. ती घाट्याची राहू नये, हे मात्र त्याच्या हातात नाही. ते काम देणाऱ्यांच्या हातात आहे. म्हणजे तुमच्या-माझ्या. घर बांधताना मिक्सर आपण मागवतो, लग्नात जनरेटर आपण मागवतो, उन्हाळ्यात पाण्याची टाकीही आपणच मागवतो.

तेव्हा पुढच्या वेळी भाडं ठरवताना दोन प्रश्न विचारा. गाडीचं पासिंग किती टनाचं, आणि मागच्या ट्रॉलीला ब्रेक आहे का. मंडपवाल्याला एक दिवस आधी यायला सांगा आणि भाडं दोन खेपांचं धरा. लग्नाच्या खर्चात ती रक्कम एखाद्या मिठाईच्या बिलाएवढीही नसते.